‘एकच मिशन’च्या बंदोबस्तावर कोण होतं?

मार्च 2023 आठवतोय का? जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी सात दिवस संपावर होते. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या टोप्या घालून कलेक्टर कचेरीसमोर बसले होते. आणि त्यांच्यासमोर काठी घेऊन उभा होता पोलीस शिपाई. 1 नोव्हेंबर 2005 नंतर भरती झालेला तोही एनपीएसवालाच. शिक्षक घोषणा देऊ शकतो, तलाठी देऊ शकतो, याला तोंड उघडता येत नाही. संप नाही, संघटना नाही. 1982 ला मुंबईत पोलिसांनी करून बघितलं, संघटनेची मान्यताच गेली.

बरं, शिस्तीचं खातं आहे, संप नकोच. पण ज्याचं तोंड कायद्याने बंद केलंय, त्याला त्याच्या म्हातारपणाचा हिशोब समजावून सांगणं हे खात्याचं काम नाही का?

आता कमेंट येईल, ‘पोलिसांना काय कमी, वरची कमाई आहे की!’ असेल काहींना. मुख्यालयात गार्ड ड्युटी आणि कैदी पार्टी करणाऱ्या शिपायाची पगार स्लिप एकदा बघा. एनपीएसचे दहा टक्के, पतसंस्थेचा हप्ता, घराच्या कर्जाचा हप्ता. मग बोला.

साधा हिशोब करू. समजा, 58 व्या वर्षी एनपीएसमध्ये 50 लाख जमले. त्यातले निदान 40 टक्के, म्हणजे 20 लाख, वार्षिकीत घालावे लागतात. सहा टक्के धरा, महिन्याला दहा हजार. महागाई भत्ता नाही. दहा वर्षांनीही दहा हजारच. उरलेले 30 लाख हातात येतात, आणि त्याच महिन्यात पोलीस लाईनची खोली सोडायची तयारी, पोरीचं लग्न आणि ‘साहेब, डबल करून देतो’ म्हणणारा एजंट, तिघेही दारात.

आज जे शाल-श्रीफळ घेऊन घरी जातायत ते बहुतेक जुन्या पेन्शनचे. म्हणून कुणाला झळ दिसत नाही. 2006 ला पंचविशीत लागलेला शिपाई 2039 च्या आसपास निवृत्त होईल. तेव्हा कळून काय उपयोग?

ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने युनिफाइड पेन्शनला मान्यता दिली. तिथे पेन्शन निश्चित, पण एकरकमी हातात येणारा पैसा एनपीएसएवढा नाही. कुणाला काय परवडेल हे त्याच्या नोकरीच्या वर्षांवर आणि घरच्या कर्जावर ठरतं. व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ बघून आयुष्याचा पर्याय निवडायचा का?

गंमत बघा. ठेवीदार बुडाले की एमपीआयडीचा गुन्हा हेच लोक नोंदवतात. ‘जादा व्याजाला भुलू नका’ असं गावोगावी हेच सांगत फिरतात.

एसपी साहेब, मुख्यालयात वर्षातून एक दिवस पेन्शनसाठी ठेवा. कोषागारातला माणूस बोलवा, विमा कंपनीचा नको. सर्व्हिस बुकातल्या नोंदी निवृत्तीच्या पाच वर्षं आधी तपासून द्या, शेवटच्या महिन्यात नव्हे. आणि प्रत्येकाला आपल्या प्रान खात्यावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते बघायला लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

आमदार साहेब, तुम्ही येत्या अधिवेशनात एवढंच विचारा: पोलीस प्रशिक्षण केंद्रात परेडचे तास किती, आणि पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या पैशावरचे किती?