चोरदरवाजा आधीच ठरवा ना!

‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं बेसमेंटमध्ये बसून जो गेम खेळतात, तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ तुमच्यापैकी काहींनी त्या सीरिजमुळेच हातात घेतला असेल. रूमवर ग्रुप जमतो, एक जण डंजन मास्टर होतो आणि बाकीचे भुयारात शिरतात. आज त्या डंजन मास्टरशीच बोलायचंय. विषय, चोरदरवाजा.

होतं काय, की भुयाराचा नकाशा आधी काढायचा कंटाळा येतो. मग खेळता खेळताच फासा टाकायचा. सहा पडले तर चोरदरवाजा, नाहीतर नुसती भिंत. तसं हे जुनंच आहे म्हणा. गॅरी गायगॅक्स यांनी १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये फासे टाकून अख्खं भुयार उभं करायचे तक्तेच दिले होते. एकट्याने खेळताना ते मस्त चालतात, कारण पुढे काय आहे हे आपल्यालाही ठाऊक नको असतं.

पण समोर चार मित्र बसलेत, तेव्हा? समजा, त्यांच्यातली एक जण ग्राफ पेपरवर नकाशा काढतेय. तिला दिसतं, की दोन खोल्यांच्या मधली जागा रिकामीच राहतेय. ‘‘इथे काहीतरी लपलंय,’’ ती म्हणते. या गेममधला हा सगळ्यात भारी क्षण! आणि तुम्ही तेव्हा फासा टाकून ‘काही नाही’ म्हणालात, तर तिने लावलेल्या डोक्याची किंमत शून्य. पुढच्या वेळी ती नकाशा काढणारच नाही. प्रत्येक भिंतीपाशी ‘शोधते’ म्हणेल आणि मोबाइल बघत बसेल.

म्हणून फासा जरूर टाका, पण आदल्या दिवशी. दरवाजा कुठे, हे फाशाला ठरवू द्या. तो कुणी आणि कशासाठी केला, हे तुम्ही ठरवा. पुजाऱ्याची पळवाट असेल तर फरशीवर मेणाचे थेंब दिसू देत. तस्करांची असेल तर धुळीत पेटी ओढल्याची खूण. सरप्राइज तुम्हालाही मिळतंच की, फक्त एक दिवस आधी!

आणि प्लीज, गोष्ट पुढे नेणारी एकुलती एक वाट चोरदरवाजामागे ठेवू नका. १९७४च्या मूळ नियमांत माणसाला तो सापडायचा, सहा बाजूंच्या फाशावर १ किंवा २ पडले तरच. गणित करून बघा. चौघांनी एकेकदा शोधलं, तरी साधारण पाचातून एकदा तो कुणालाच सापडत नाही. मग सगळे एकमेकांची तोंडं बघत बसणार. त्यापेक्षा मागे शॉर्टकट ठेवा, खजिना ठेवा. सापडला तर मजा, नाही सापडला तरी खेळ चालू.

तयारीत अर्धा तास जाईल, जाऊ दे. पण ‘या भिंतीमागे काय आहे?’ असं कुणी विचारलं, तर तुमच्याकडे खरं उत्तर असेल.