दुधातुपावाचून

दिल्लीतील आमच्या मराठी मंडळींत सध्या एक मत फार ठामपणे मांडले जाते. दूध, दही, तूप वगळून केलेला स्वयंपाक हे म्हणे परदेशातून आलेले श्रीमंतांचे खूळ. मराठी घरात त्याला थारा नाही. गेले वर्षभर मी हाच स्वयंपाक शिकत आहे. धाकट्या मुलीला दुधाचे काहीच सोसत नाही, डॉक्टरांनी ते सर्व वर्ज्य केले आहे, म्हणून. तत्त्वाच्या ओढीने नव्हे. मी साशंकच होतो, काही बाबतींत आजही आहे. तथापि या मताचा समाचार घेणे भाग आहे.

पिठल्यात दूध कोठे असते? मटकीची उसळ, थालीपीठ, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, नारळाच्या रसाची सोलकढी, यांत गाईम्हशींचा संबंध येतो कोठे? राबणाऱ्याच्या भाकरीवर तूप होते कधी? उलट, आपल्या आज्यांनी ज्याचे नावही ऐकले नव्हते ते पनीर बदलीच्या गावी येताच आपण घरचे मानले, आणि कुळीथ परका झाला!

पोरे अशक्त होतील, हा दुसरा आक्षेप. १०० ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. ब-१२ हे जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून मिळत नाही, हे खरे. त्यासाठी आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध देतो. पण तेवढ्यावरून सारा आहार बाद ठरविणे म्हणजे एका जोडपत्रासाठी अख्खी नस्ती परत धाडणे होय.

खऱ्या अडचणी निराळ्या आहेत, आणि त्या हे टीकाकार सांगत नाहीत. कारण त्यांतील बहुतेकांनी कधी कांदाही चिरलेला नाही. दिल्लीच्या थंडीत मटकीला मोड येता येत नाहीत. ती कोमट पाण्यात भिजवून, फडक्यात घट्ट बांधून, कणकेच्या डब्याशेजारी उबेला दोन दिवस ठेवावी लागते. ज्वारीचे पीठ जुने निघाले की त्याची विरी गेलेली असते; कढत पाण्याने उकड काढून मळल्यावाचून भाकरी थापताना चिरते. (२०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भारताच्याच प्रस्तावावरून भरड धान्यांचे वर्ष पाळले. पीठ ताजे कोठे मिळेल, हे कोणत्याही परिपत्रकात माझ्या वाचनात आले नाही.) आणि फोडणी! बेचव आमटी चमचाभर तुपाने झाकता येते. तूप नसले की मोहरी नीट तडतडली पाहिजे, हिंग जळता कामा नये, चिंचगुळाचे माप साधले पाहिजे. दुधातुपाने आपले स्वयंपाकी आळशी केले, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या पंगतीत श्रीखंड होते, मठ्ठा होता, मसालेभातात तूप आधीच घातलेले होते. माझी मुलगी पुरी आणि बटाट्याची भाजी खाऊन उठली. शेजारच्या बाईंनी तिला नाटकी म्हटले. ती सात वर्षांची आहे.

कार्यकारिणीकडे माझी मागणी लहान आहे. येत्या उत्सवात तूप पातेल्यात न घालता पानावर, विचारून वाढावे. आणि मोदकाच्या एका घाण्याला तुपाचा हात न लावता तेलाचा लावावा. तो घाणा वळायला मी येईन.