मासा कोणत्या पाण्यातला?

वॉर्डात नोकरीला होते तेव्हा हृदयरोगाच्या पेशंटला डिस्चार्जचा कागद देताना मी हमखास सांगायची, "मासे खा, हृदयाला चांगले." कोणता मासा, ते मी कधी सांगितले नाही. मलाही कोणी शिकवले नव्हते. आता वस्तीत शिबिरे घेताना कळते की, आमच्या विदर्भातल्या बाया त्या सल्ल्यावर आंध्रातून बर्फात आलेला रोहू-कटला आणतात, नाहीतर काटे कमी म्हणून पंगस. "सिस्टर, पोटाला चरबी सुटलेला मासा ताकदीचा," असे म्हणून त्याला दोन पैसे जास्तही देतात.

इथेच फसगत होते. हृदयाच्या उपयोगी पडणारी ओमेगा-३ ही चरबी मुळात तयार होते पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळात. ते शेवाळ खाणारे बारीक जीव मासा खातो, तेव्हा ती त्याच्या अंगात येते. समुद्रातले बांगडा आणि तारली म्हणूनच सरस. तळ्यातला मासा भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची, सरकीची पेंड घालून फुगवला की त्याच्या पोटावर चढते ती बरीचशी कोंड्या-पेंडीचीच चरबी. पंगसात तर ओमेगा-३ फारच थोडे. पाण्याचाही गुण लागतो. थंड पाण्यातल्या माशाची चरबी थंडीत गोठू नये अशी पातळ असते. तिलापिया निमखाऱ्या पाण्यात वाढवला तर त्यात ओमेगा-३चा वाटा गोड्या पाण्यातल्यापेक्षा बहुधा जास्त भरतो.

म्हणून तळ्यातला मासा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. १०० ग्रॅम रोहूत साधारण १६-१७ ग्रॅम प्रथिने मिळतात. गरोदर बाईला, वाढत्या पोराला तो हवाच. फक्त चरबीसाठी जास्त पैसे मोजू नका. ओमेगा-३ साठी जमेल तेव्हा बांगडा घ्या, आणि घरात जवसाची चटणी असू द्या. माशाची सर तिला पूर्ण येत नाही, पण ती आपल्या आवाक्यात आहे. सुकी मासळी बीपीवाल्यांनी जपून खावी, मीठ फार असते.

पाणी घाण असेल तर गोष्ट आणखी बिघडते. डीडीटीसारखी कीटकनाशके माशाच्या चरबीतच साठतात. पोटाची चरबी आणि कातडी काढली तर ती बरीच कमी होतात. पारा मात्र मांसात मुरतो, तो कापून निघत नाही. म्हणजे सुरीने अर्धेच काम होते, उरलेले तलावावरच करावे लागते.

आपल्या भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांची केवढी दौलत आहे! त्यातला मासा गावाच्याच ताटात येतो. तुमच्या गावची नाली तलावात सोडली असेल, तर येत्या ग्रामसभेत बायांनीच उठून विचारा: हे पाणी शेवटचे कधी तपासले, आणि त्याचा कागद कुठे आहे?