खोटे वाडे फुल्ल, खरे वाडे कुलूपबंद

पुणे-सोलापूर हायवेनं इंदापूरपर्यंत या आणि नुसत्या हॉटेलांच्या पाट्या वाचा. वाडा, राजवाडा, गढी, चौसोपी अमुक, ऐतिहासिक तमुक. आत सिमेंटचे खांब, त्यांना सागवानी रंग, दारात फायबरची तोफ, वेटरच्या डोक्यावर फेटा. रविवारी बसायला जागा मिळत नाही. भिगवणला मासे खायला येणारी पुण्याची मंडळी या खांबांना टेकून फोटो काढतात, खूश होऊन जातात.

आणि बारामती-इंदापूरच्या जुन्या पेठांतले खरे वाडे? दिंडीदरवाज्याला कुलूप, भिंतीत पिंपळ, चौकात मोटारसायकली. एखादा पाडायला काढला की सगळ्यात आधी लाकूड जातं. खांब, तुळया, नक्षीच्या चौकटी टेम्पोत भरून जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे. तिथून शहरातल्या कुणाच्या तरी फार्महाऊसवर किंवा हॉटेलात. म्हणजे आपल्या आजोबांच्या ओसरीचा खांब शेवटी हॉटेलातच जाणार, फक्त दुसऱ्याच्या. मग तो आहे त्या जागी उभा राहून का कमावू शकत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

वाडा म्हणजे मुळात लाकडाचा सांगाडा. दगडी जोतं, त्यावर तळखडे, तळखड्यावर सागवानी खांब, वर तुळई आणि कडीपाट. वजन सगळं खांबांवर. मधली वीट-मातीची भिंत बरेचदा नुसती भरायला. खांब दगडावर उभा, जमिनीतली ओल वर चढत नाही, म्हणून दीडदोनशे वर्षं टिकतो. पण एक अट आहे. आत माणूस पाहिजे. आपल्याकडच्या माळवदाला दर उन्हाळ्यात माती टाकावी लागते, पन्हाळ साफ करावी लागते. कुलूप लावलं की दोनचार पावसाळ्यांत माळवद गळतं, कडीपाट कुजतो, तुळईचं तोंड सुटतं. मग नगरपरिषदेची कलम १९५ ची 'धोकादायक इमारत' म्हणून नोटीस येते. वाडा म्हातारा होऊन मरत नाही, रिकामा राहून मरतो.

इंग्लंडातही अशीच जुनी घरं आहेत. ओक लाकडाचा सांगाडा, मधे कुडाच्या नाहीतर विटांच्या भिंती. कितीतरी शेकडो वर्षांची, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत आजही गावाचा पब चालतो. पब हा शब्दच 'पब्लिक हाऊस'चा छोटा अवतार, म्हणजे सगळ्यांचं घर. तिथं म्हातारे येऊन बसतात, बायका-पोरं जेवायला येतात, गावाच्या भानगडी तिथंच मिटतात. रोज चूल पेटते म्हणून छपराकडे लक्ष राहतं, आणि गल्ल्यातल्या पैशातून डागडुजी होते.

तिथंही बिल्डर आहेतच. लंडनमधला कार्लटन टॅव्हर्न नावाचा पब २०१५ मध्ये मालकानं परवानगी न घेता पाडला. तिथल्या कौन्सिलनं सांगितलं, होता तसा परत बांध. बांधावा लागला, २०२१ मध्ये पब पुन्हा सुरू झाला. शिवाय २०११ च्या कायद्यानं गावकऱ्यांना आपला पब 'गावाच्या उपयोगाची मालमत्ता' म्हणून नोंदवता येतो. मालकानं विकायला काढला तर पैसे जमवून बोली लावायला गावाला सहा महिने मिळतात. आपल्याकडे शनिवारी-रविवारी सुट्टी बघून जेसीबी लावला की सोमवारी फक्त मोकळी जागा दिसते.

आता कॉमेंटमध्ये कुणी तरी लिहिणारच, "पत्रकार साहेब, वाड्यात बार काढायचा का?" नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आजही प्यायला परवाना लागतो, आणि परमिट रूम म्हणजे काळ्या काचा आणि खाली मान. ते पेठेत कुणालाच नकोय. पण सगळ्यांचं घर ही कल्पना दारूशिवायही चालते. आपला पब म्हणजे पार, ओसरी आणि चहाचं हॉटेल. वाड्याच्या सोप्यात खानावळ चालू शकते. चौकात सकाळी चहा, दुपारी बचतगटाची भाकरी-पिठलं, माडीवर स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका. एमआयडीसीत आणि कॉलेजला आलेली हजारो पोरं बारामतीत मेस शोधत फिरतात. गिऱ्हाईक आणायला पुण्याला जायची गरजच नाही.

मोठ्या वास्तूंचं ठीक आहे. बारामतीत कऱ्हेकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा, इंदापुरात मालोजीराजांची गढी. त्यांना नाव आहे, इतिहास आहे, पुढाऱ्यांचे दौरे होतात, आम्हीही बातम्या छापतो. नाईकांच्या आश्रयानं मोरोपंत बारामतीत राहिले, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण पेठ म्हणजे फक्त नाईक नव्हेत. सावकाराचा, वैद्याचा, तेल्याचा, कापडवाल्याचा असे साधे वाडे मिळून पेठ झाली. त्यांना ना पाटी, ना वाली.

मालकाची बाजूही ऐका. सात-बारा नाही, सिटी सर्व्हेचा उतारा, त्यावर चौदा नावं. एक पुण्यात, एक अमेरिकेत, एकाचा कोर्टात दावा. खाली जुना भाडेकरू, भाडं महिन्याच्या चहाच्या बिलाएवढं. असाच एक मालक मला म्हणाला, "वारसा तुमचा, गळती आमची." यावर उत्तर देता येत नसेल तर आपण वारशाच्या गप्पा मारू नयेत.

उत्तर आहे. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. वारसा इमारतींची यादी करायची सोय तिच्यात आहे, आणि मालकाचं बांधकामाचं नुकसान टीडीआरनं भरून देता येतं. म्हणजे कायदा नवा करायचा नाही, वापरायचा आहे. दोन्ही नगरपरिषदांनी आधी आपापल्या पेठांतल्या लाकडी वाड्यांची यादी करावी. यादीतल्या वाड्याला नोटीस देताना 'पाडा'च्या आधी 'दुरुस्त करा' म्हणावं आणि माळवद-कडीपाट जाणणारा सुतार सुचवावा. जो मालक वाड्यात खानावळ, चहा, अभ्यासिका चालवील त्याला घरपट्टीत सूट द्यावी. आणि पाडायची परवानगी देण्याआधी गावाला निदान तीन महिने द्यावेत.

यातलं काहीच कोट्यवधीचं नाही. एका चौकाच्या सुशोभीकरणाला जो खर्च होतो त्यात चार वाड्यांची छपरं नीट होतील.

तुमच्या गल्लीत असा वाडा उभा असेल तर फोटो आणि पेठेचं नाव खाली टाका. मालकाचं नाव नको. यादी नगरपरिषदेनं केली नाही तर सुरुवात आपण करू, आणि ती घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे जाऊ. सोबत कोण कोण येणार तेही लिहा.