आधी रानाच्या मालकाला विचारू

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी,
महाराष्ट्र पक्षिमित्र



मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरचा आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबरचा. या दोन तारखांमधल्या पक्षी सप्ताहाला २०२० मध्ये राज्य शासनाची मान्यता मिळाली आणि पक्षी पाहायला बाहेर पडणारे वाढले. याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच एक मागणी करतो: पक्षिनिरीक्षकांच्या आचारसंहितेत जमिनीच्या मालकाची परवानगी हे पहिलं कलम असावं, आणि प्रत्येक सहलीआधी ते मोठ्यानं वाचलं जावं.

सातारा-सांगलीत या कलमाची गरज फार आहे. कासच्या पठारावर आपण शुल्क भरतो, आखलेल्या वाटेनंच चालतो. सागरेश्वरला वनखात्याचे नियम पाळतो. पण पक्षी काही अभयारण्याची हद्द पाहून राहत नाहीत. खटावच्या येरळवाडी तलावावर रोहित पक्षी पाहून येरळा नदीच्या काठानं खाली ब्रह्मनाळकडे निघालं, की शाळू, ऊस, द्राक्षबागा आणि मधले माळ लागतात. यातली बहुतेक जमीन कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. हिवाळी पाहुणा भोवत्या रात्री मुक्कामाला उतरतो, ते गवत कुणीतरी जनावरांसाठी राखलेलं असतं. सुगरणीची घरटी ज्या बाभळीला लोंबतात, ती कुणाच्या तरी विहिरीवर वाकलेली असते. कुंपण नाही म्हणून माळ बेवारस ठरत नाही.

सप्ताह येतो तेव्हा शाळू कोवळा असतो. तासगाव भागात द्राक्षाची छाटणी होऊन नवी फूट आलेली असते, बागेत औषधाचे फवारे चालू असतात. अशा वेळी भिजवलेल्या सरीत पाय पडला, ठिबकची नळी निखळली किंवा उसाच्या ट्रॅक्टरच्या वाटेवर गाडी लावली, तर ज्याचं नुकसान होतं त्याला आपण कोण हे ठाऊकही नसतं. विहिरीवरच्या मोटारी आणि केबल चोरीला जाण्यानं शेतकरी आधीच धास्तावलेला आहे. खुरपणाऱ्या बायकांच्या दिशेनं कुणी अनोळखी माणसानं लांब भिंगाचा कॅमेरा धरला, तर त्याचा रोख पक्ष्यावर आहे हे त्यांनी कसं ओळखावं?

हा प्रश्न सौजन्याचा आहे, तितकाच पक्ष्यांच्या जगण्याचा आहे. माळटिटवी आणि धाविक उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात. भर दुपारी अंड्यांवर सावली धरायला आई-बाप लागतात. माणूस जवळ उभा राहिला की ते दूर राहतात आणि अंडी तापतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत घातलं आहे. पण माळावर कायदा पोचण्याआधी शेतकरी पोचलेला असतो. टिटवीची अंडी उंचवट्यावर की खोलगटात, यावरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसं आपल्याकडे आहेत. तो अंदाज खरा ठरो न ठरो, त्या निमित्तानं अंडी नजरेत राहतात आणि नांगर तेवढी जागा सोडून जातो. एका फोटोमागून गाड्यांची रांग लागली, तर हाच शेतकरी पुढच्या वर्षी घरट्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. घरट्यामुळे डोक्याला ताप होतो असं त्याला वाटलं, तर नांगर वळवण्याचं कारणही उरणार नाही.

अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या आचारसंहितेत विनापरवानगी खासगी जमिनीत न जाण्याचा नियम आहे. आपल्या कलमात मात्र आपल्या गावांना लागू पडेल असं चार ओळींत लिहावं. रानात पाऊल टाकण्याआधी मालकाला किंवा तिथं राबणाऱ्याला विचारावं. नाही म्हटलं तर हुज्जत न घालता मागं फिरावं. घरट्याची जागा त्याच्या संमतीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नये; संमती असली तरी वीण संपेपर्यंत थांबावं. आणि जाताना काय पाहिलं ते त्याला सांगावं, दुर्बीण त्याच्याही हाती द्यावी.

चौथी ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या रानात हजारो किलोमीटरवरून आलेला भोवत्या उतरतो आणि तो टोळ, उंदीर खातो, हे कळलेला शेतकरी त्या पक्ष्याचा खरा राखणदार होतो. वर्षभर माळावर तोच असतो. आपण सुट्टीपुरते येतो.

आपल्या संमेलनात या कलमाचा ठराव मांडावा. यंदाच्या सप्ताहात प्रत्येक सहलीचा प्रमुख आधी गावात जाऊन शेतकऱ्यांना भेटेल, एवढं तरी आपण ठरवावं. सातारा-सांगलीतून सुरुवात करायची असेल, तर बांधाबांधावर जाऊन विचारण्याचं काम मी आनंदानं करीन.

आपला,
येरळाकाठचा एक पक्षिनिरीक्षक