दिव्यामागचा आरसा

रूममध्ये उजेड कमी पडतो ही हॉस्टेलची कॉमन तक्रार. उपायही ठरलेला : 'सर, जास्त वॉटचा दिवा द्या!' माझं मत जरा वेगळं आहे. दिवा पुरेसा आहे, त्याच्या मागे काय आहे ते बघा.

एका मेणबत्तीचा उजेड साधारण 12-13 ल्युमेन. जुन्या 60 वॉटच्या बल्बचा 700 च्या आसपास. म्हणजे एका बल्बच्या बरोबरीला पन्नासेक मेणबत्त्या जाळायच्या, तेही मेण महाग असताना. म्हणून युरोपातल्या घरांत भिंतीवरच्या मेणबत्तीमागे आरसा किंवा घासून चकचकीत केलेला पत्रा बसवत. आरसा स्वतः उजेड तयार करत नाही, हे शाळेतलं फिजिक्स. पण ज्योत चहूकडे उजेड फेकते, त्यातला निम्मा भिंतीकडे जातो, तो आरशामुळे खोलीत परत येतो.

मी गणित करून पाहिलं. पुस्तक ज्योतीपासून 1 मीटरवर, आरसा ज्योतीमागे 10 सेंटिमीटरवर, आणि तो 80 टक्के उजेड परत पाठवतो असं धरलं, तर पुस्तकावरचा उजेड दीडपट होतो. मेण तेवढंच! आरसा लांब नेला की फायदा घटतो, कारण आरशातली ज्योत त्याच्या दुप्पट मागे सरकते.

आरसे आणि मेणबत्त्या म्हटलं की व्हर्सायचा आरसेमहाल आठवतो. 1684 मध्ये पूर्ण झाला, आरसे 357. पण तो राजाचा थाट. मला त्याच देशातली रस्त्यावरची गोष्ट जास्त आवडते. मोठ्या शहराचे रस्ते रात्री कसे उजळावेत, यासाठी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1764 मध्ये बक्षीस लावलं. एका तरुणाने तेल, वात, परावर्तकाचा आकार (कॉन्व्हेंटवाल्यांनो, परावर्तक म्हणजे रिफ्लेक्टर, मलाही डिक्शनरी बघावी लागली) असं सगळं तपासून निबंध पाठवला. 1766 मध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं. वय 22, म्हणजे आपल्या फायनल इयरचं! नाव लव्हाझिए. हो, केमिस्ट्रीतला ऑक्सिजनवाला तोच.

आपल्याकडेही भिंतीला टांगायच्या रॉकेलच्या दिव्यामागे गोल चकचकीत पत्रा असायचा. आजी सांगते, दिवेलागणीच्या आधी काच राखेने पुसायची आणि तो पत्रासुद्धा. काजळी धरली की उजेड गेलाच.

आता आपल्याकडे बघा. मेसच्या रस्त्यावर गोल दुधी ग्लोब लावलेत. दिसायला छान, पण निम्मा उजेड आकाशाला! खाली खड्डा दिसत नाही. वरच्या अर्ध्या भागाला आतून पांढरं झाकण बसवलं तर आहे तोच दिवा चालेल. यात कुठलं रॉकेट सायन्स आहे?

आणि रूमचं म्हणाल, तर तिथे आरसेही नकोत. नवा पांढरा रंगसुद्धा 80 टक्क्यांच्या आसपास उजेड परत देतो, फक्त तो सगळीकडे पसरवून देतो. युरोपातल्या त्या खोल्यांत लाकडी तावदानं नि गडद पडदे, म्हणून तिथे आरशाचं महत्त्व. आपल्या भिंती आधी पांढऱ्या होत्या म्हणतात. आता त्यांचा रंग कटिंग चहासारखा झालाय, त्यावर पोस्टर्स, आणि ट्यूबवर तीन सेमिस्टरची धूळ. ट्यूब आपण पुसू. रंगाचं मात्र सरांनी मनावर घ्यावं, दिवाळीच्या सुट्टीत रूम्स रिकाम्याच असतात.