घर पाहिजे, तोंड गहाण ठेवून नको

भाडं म्हणजे पाण्यात घातलेला पैसा, हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं तो घरं विकणाराच असणार. आता ते आपल्याच माणसांच्या तोंडी बसलंय. लग्नात, जयंतीच्या मिरवणुकीत, पुण्यानुमोदनाच्या जेवणातसुद्धा. शेजारी बसलेला पाव्हणा विचारतो, काय, अजून भाड्यानंच? जसं काय मी अजून अंगठाच उठवतोय.

मी इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंगखात्यात सायडर आहे. तुटलेला धागा जोडायचा, आठ तास, उभ्यानं. दहावीला शाळा सुटली, वाचनालय सुटलं नाही. हातात सोळा हजार येतात. आई, मी आणि सायझिंगमध्ये जाणारा धाकटा भाऊ, तिघं एका खोलीत. भाडं साडेतीन हजार, लाईटबिल वेगळं. हे सांगतो, कारण घरावर लिहिणाऱ्यानं आधी आपण कुठं राहतो ते सांगावं. आपल्यातले पुष्कळ लिहिणारे ते सांगत नाहीत.

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय. वन रूम किचन, बारा लाख. दोन लाख आमचे, म्हणजे आईचं सोनं आणि आम्हा दोघा भावांची शिल्लक. दहा लाख बँकेचे. एजंट गोड माणूस. खोलीवर आला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले, चहा प्याला आणि म्हणाला, नऊ टक्के, वीस वर्षं, हप्ता नऊ हजार. भाडं भरताय तेच हप्त्यात भरा. साडेतीन हजार आणि नऊ हजार ‘तेच’ कसं होतं हे त्यालाच ठाऊक.

रात्रपाळीत कागदी कोनावर पेन्सिलीनं हिशेब मांडला. वीस वर्षांत बँकेला जाणार एकवीस लाख साठ हजार. पहिल्या महिन्याच्या नऊ हजारांतले साडेसात हजार नुसतं व्याज. पाच वर्षं इमानदारीनं हप्ते भरले तर पाच लाख चाळीस हजार जाणार, आणि मुद्दल कमी होणार फक्त एक लाख तेरा हजारांनी. मग पाण्यात कोण घालतंय, भाडेकरू का कर्जदार? ज्यानं हा हिशेब केला नाही त्यानं मला पाणी आणि पैसा शिकवू नये.

तर नुसत्या हिशेबानं भाडं स्वस्त. प्रश्न मिटायला पाहिजे होता. मिटत नाही, कारण हिशेबाच्या वहीत आडनावाचा रकाना नसतो.

खोली बघायला जावं. मालक पहिल्यांदा गाव विचारतो, मग गावातली गल्ली. आडनावावरून कळलं नाही तर देव कुठला, घरात मटण शिजतं का, गळ्यात काय घालता. कळलं की त्याला एकदम आठवतं, अरे, खोली तर कालच गेली. कालच गेलेल्या खोलीची पाटी पुढं पंधरा दिवस दारावर लटकत असते. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात भाड्याची घरं मागून बघितली, तो अभ्यास २०१५ साली छापून आला. दलित आणि मुसलमान नावांना नकार जास्त, आणि होकार मिळालाच तर जादा अटी. आपल्याला हे सांगायला अभ्यासाची गरज नव्हती; पण जे ‘आता कुठं राहिलीय जात’ म्हणतात त्यांच्या तोंडावर मारायला बरा आहे.

आणि कायदा? आहे की. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, १९७६ पासून ज्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय की कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला, त्यात राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला अडवणं हा गुन्हा. आपल्या बापाच्या जन्माआधीचा कायदा. पण मालक कारण कशाला सांगेल? तो म्हणतो, खोली गेली. गेलेल्या खोलीवर कुठलं पोलीस ठाणं गुन्हा नोंदवतं?

इथं आपले काही विद्वान दोस्त उठतात. अभ्यासवर्गात त्यांनी मला ऐकवलं, घर घेणं म्हणजे पांढरपेशा होणं, चळवळ विकणं. ऐकून मस्तक फिरलं. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला गेले ते परदेशात शिकून, नोकरीला. राहायला खोली मिळेना. पारशाच्या उतारवाड्यात पारशी नाव लावून दिवसाला दीड रुपयावर राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. एवढा शिकलेला माणूस मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिला. ही भाडेकरूचीच गोष्ट आहे, दोस्तांनो. आपण तिच्यावर नुसते रडतो, तिचा अर्थ लावत नाही. ह्याच माणसानं पुढं परळच्या चाळीतली वर्षं काढून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. पुस्तकांसाठी बांधलं, आणि अशा जागी बांधलं की जिथून कुणी ‘उठ’ म्हणू शकणार नाही. त्यांना पांढरपेशा म्हणायची हिंमत आहे? नसेल तर माझ्या आईला म्हणू नका. आणि हे सांगणाऱ्यांत निम्म्यांना बापानं बांधलेलं घर आहे, हेही एकदा छापलं जाऊ द्या.

पण ह्याचा अर्थ मी एजंटाच्या कागदावर सही करणार असाही नाही. का, ते सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार संपावर गेले. संप दीड वर्षाच्या वर ताणला. रीतसर मागं असा तो कधी घेतलाच गेला नाही. माणसं एवढी तगली कशावर? गावच्या तुकड्यावर, बाईच्या खानावळीवर, विकलेल्या भांड्यांवर, आणि चाळीतल्या जुन्या, थोडक्या भाड्यावर. ज्याला गावी जमीन होती तो गावी गेला. आपल्या माणसाला गावी काय होतं? गावकुसाबाहेरचं एक छप्पर. तरी तो उभा राहिला. आता त्या जागी हप्तेवाला कामगार ठेवून बघा. नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज बुडीत धरतात. २००२ च्या कायद्याप्रमाणं साठ दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर कोर्टात दावा न लावता बँक घराच्या ताब्याला निघू शकते. म्हणजे हप्तेवाल्याचा संप पाच महिन्यांचा. मालकाला हे आपल्यापेक्षा आधी कळतं.

आमच्याच खात्यात गेल्या वर्षी माणशी साईड वाढवल्या. अर्ज लिहिला मी, सह्या गोळा करायला फिरलो. ज्यांच्या पगारातून घराचा हप्ता कटतो त्यातल्या एकानंही सही दिली नाही. एकजण सरळ बोलला, “माज्या सहीवर आधीच बँकेची सही हाय रं.” भित्रा नाही तो. कॅन्टीनमध्ये ताटलीवरून मुकादमाशी भिडलेला माणूस आहे. घर घेतलं आणि गप्प झाला. भाड्यानं राहणाऱ्यांतल्याही दोघांनी हात मागं घेतला, कारण त्यांची खोली गिरणीतल्याच एका साहेबाच्या मेव्हण्याची. अकरा महिन्यांचा करार, तोही तोंडी. तोंडी कराराला तोंड एकाचंच असतं, मालकाचं.

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी आपल्या माणसाला विणकामखात्यात घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढून काढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा बाट लागतो म्हणून. जास्त पगाराचं खातं बंद, कमी पगाराचं उघडं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या पुढ्यात टाकला. म्हणून मी घराकडं तोंडाच्या बाजूनं बघतो. कुठलंही घर असो, विकतचं का भाड्याचं, विचारायचं एवढंच, ह्यात राहून मला बोलता येईल का? बोलता आलं तर पत्र्याचं शेड चालेल. नाही आलं तर तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी काय चाटायची?

विकत घेतलं की जात पुसली जाते, ही दुसरी थाप. अहमदाबादच्या एका पारशी हाऊसिंग सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की सोसायटी आपल्या उपविधीत सभासद अमुक एका समाजाचेच असतील असं ठरवू शकते. म्हणजे पैसे असले तरी दारावर माणूस बसलेलाच.

मग गुंठेवारी आहे. आपली निम्मी जमात तिथंच अडकलीय. शेतातला एक गुंठा, स्टॅम्पपेपरवर नोटरी, सात-बाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा, म्हणून रजिस्टर होत नसे. २००१ साली कायदा करून जुनी गुंठेवारी नियमित करायची सोय केली, २०२१ मध्ये मुदत पुढं ओढून २०२० अखेरपर्यंतच्या प्लॉटांपर्यंत आणली. दर निवडणुकीला नळ येतो, मतं जातात. तरी खरं सांगू, मला फ्लॅटपेक्षा हा माणूस जवळचा वाटतो. एक खोली बांधतो, चार वर्षांनी दुसरी. अंगावर हप्ता नाही. पण कागद नाही म्हणजे नगरसेवकापुढं तोंड नाही. तेही बंदच.

सरकारची रमाई आवास योजना आहे. खेड्यात कमी, शहरात अडीच लाख, घर दोनशे एकोणसत्तर चौरस फुटांचं. फक्त जागा तुमची पाहिजे. ज्याच्या बापजाद्यांना जागाच दिली नाही त्याला म्हणायचं, जागा दाखव, घर देतो. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो ह्याच मुळावर घाव घालायला. आपण जमिनीची मागणी सोडली आणि कर्जाच्या रांगेत उभे राहिलो. ही आपली प्रगती!

आई मात्र माझं काही ऐकत नाही. “तुजं त्वांड उघडं ऱ्हाऊ दे रं बाबा, पर मी सतरा बिऱ्हाडं बदलली. सतरा वेळा चूल मांडली. मरताना तरी कुणी ‘खोली कवा मोकळी करताय’ असं इचारू नये.” ह्या बाईपुढं कागदी कोनावरचा हिशेब मांडायची मला लाज वाटते. तिचं म्हणणं एजंटाचं नाही, मध्यमवर्गाचं नाही. ते बडोद्याच्या बागेतलं आहे.

म्हणून माझं असं ठरलंय. वीस वर्षांचं कर्ज घेणार नाही. आम्हा दोघा भावांची शिल्लक आणि आणखी काही वर्षं, मग बिनशेती झालेली, रजिस्टर होणारी अर्धा गुंठा का होईना जागा, आईच्या नावावर. बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, पण त्या टक्क्यासाठी नाही. ज्यानं सतरा चुली मांडल्या त्याचं नाव दारावर पाहिजे म्हणून. तोपर्यंत भाड्यानं, पण चोरासारखं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं पंचावन्नावं कलम वाचा. करार लेखी करणं आणि नोंदवणं ही जबाबदारी मालकाची. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. आपल्या किती शाखांनी हे कलम वस्तीत वाचून दाखवलंय? पुतळ्याच्या वर्गणीला घरोघर जातो आपण. एका रविवारी करारनाम्यासाठी जाऊ. कुणाची खोली ‘कालच गेली’, त्याची तारीख, पत्ता, पाटी एका वहीत लिहू. दहा नोंदी झाल्या की चौथं कलम घेऊन ठाण्यात जाऊ.

माझ्या खोलीचे अकरा महिने पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला संपतात. मालकाकडं नोंदणीचा करार मागणार आहे. तो खोली मोकळी करायला सांगेल, मला माहीत आहे. त्या दिवशी माझी दिवसपाळी आहे, साडेचारला सुटतो. पाचला त्याच्या दारात उभा असेन. कोण कोण येतंय ते आताच सांगा.